कोरडी मोरी

माझ्या भावोजींना ऑफिसात 'कानसेन' म्हणत. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, रस्त्याखालच्या पाइपांची गळती ऐकण्याचं. एक लांब लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई जमिनीला टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. सहा फुटांखाली पाणी कुठे सुसकारे टाकतंय ते त्यांना बरोबर कळे. शेजारी उभी राहून माझी ताई काय सांगतेय ते मात्र तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळे. रस्ते शांत लागतात म्हणून त्यांचं काम रात्रीचं, आणि ताईची शाळेतली नोकरी दिवसाची. त्यामुळे त्यांचा संसार मुख्यतः चहाच्या वेळेला झाला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॅम्पर घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत दोन माणसांचा पलंग, शेगडी आणि कपाटाएवढ्या खोलीत संडास नि मोरी. दोन्हींचं सगळं खालच्या एका टाकीत जमा व्हायचं, आणि ती ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची.

"आता आपण दोघं कुठंही जायचं," भावोजी ताईला म्हणाले. इतकं लांब वाक्य ते लग्न ठरतानाही बोलले नव्हते. ताई विरघळली.

पहिल्या सहलीहून दोघं तिसऱ्याच दिवशी परत आली.

"कसं काय झालं?" मी विचारलं.

"डोंगर छान होते," ताई म्हणाली. "सगळे बाहेर उभं राहून पाहिले. आत बसवत नव्हतं."

टाकीचा वास. टाकी रिकामी केली तरी वास, धुतली तरी वास. चार महिन्यांत तीन सहली झाल्या आणि तिन्ही अर्ध्यावर सोडाव्या लागल्या. भावोजींनी संडासाच्या बुडाचं रबर दोनदा बदललं. टाकीत निळं औषध ओतलं. मग सगळीकडे लिंबाच्या साली ठेवल्या, तेव्हा आतून कुणीतरी संडासात सरबत केल्यासारखा वास यायला लागला. पायपुसण्यावर त्यांचा संशय गेला, कांद्याच्या टोपलीवर गेला, आधीच्या मालकाच्या चारित्र्यावरही गेला.

तशात त्यांची लेक बाळंत झाली. मुलगी झाली. लेकीचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर आणि घर दोन खोल्यांचं. तिथे ताईची कशीबशी सोय होती, भावोजींना पाठ टेकायला जागा नव्हती. कॅम्पर दारात उभा राहिला तरच त्यांना जाता येणार होतं.

ताईने सरळ सांगून टाकलं. "रविवारी मी निघतेय. या डब्यातून की बसने ते तुम्ही ठरवा. बसने गेले तर दोन महिन्यांनी येईन. तोवर नातीचे फोटो बघा, आणि मी येईन तेव्हा हा डबा दारात दिसता कामा नये."

शुक्रवारी सकाळी भावोजींचा मला फोन आला. "तुझं नाक पाठव. बाकीची तू आली नाहीस तरी चालेल."

मी गेले तर ते कॅम्परच्या छतावर. हवा जायच्या नळीच्या तोंडातून त्यांनी पाखराच्या घरट्याचा पेंढा ओढून काढला आणि वरूनच आम्हाला दाखवला. "सापडला चोर." मी आत जाऊन श्वास घेतला आणि तशीच बाहेर आले.

"चोर अजून आतच आहे, भावोजी."

ते खाली उतरले आणि पायरीवर बसले. ताईने चहा दिला तो तसाच निवला.

थोड्या वेळाने ते उठले, घरातून ती जुनी सळई घेऊन आले.

"वास ऐकणार आहात?" मी म्हटलं.

"नाकाने चार महिने फसवलं. कानाने कधी फसवलं नाही."

मोरीत घडीच्या खुर्च्या, हत्यारांची पेटी, सतरंजी असं सामान कोंबलेलं होतं. ते सगळं त्यांनी बाहेर काढलं, सळई पाणी जायच्या जाळीवर टेकवली, वाटीला कान लावून डोळे मिटले आणि ताईला संडासात थोडं पाणी सोडायला सांगितलं. ताईने सोडलं. भावोजींनी डोळे उघडले. सळई बाजूला ठेवून जाळीलाच कान लावला.

"पुन्हा सोड."

मग ते उकिडवे बसूनच म्हणाले, "टाकीत पडलेला थेंब न् थेंब ऐकू येतोय. यायला नको. जाळीखाली नळी वाकवलेली असते. त्या वाकणात घोटभर पाणी कायम राहतं, ते बुचासारखं काम करतं. खालचा आवाज वर येत नाही आणि वासही येत नाही. इथलं पाणी पार वाळलंय."

"का वाळलं?" ताईने विचारलं.

भावोजी सळई पुसायला लागले.

"या मोरीत शेवटचं पाणी कधी पडलं?" ताईचा आवाज आता शाळेतला झाला होता.

पडलंच नव्हतं. पहिल्या दिवशीच भावोजींचा हुकूम सुटला होता, की प्रवासात अंघोळ नाही, ओल्या टॉवेलने अंग पुसायचं आणि भांड्यांचं पाणी बाहेर झाडाला घालायचं. मोरी म्हणजे सामानाची खोली. पाणी वाया जाताना या माणसाला बघवत नाही. माझ्या घरी मी दात घासत असताना ते मागून येऊन नळ बंद करतात. लेक जन्मली तेव्हा इस्पितळात ते आधी वॉर्डातला गळका नळ दुरुस्त करत बसले आणि मग पाळण्याकडे गेले. ताई ते अजून विसरलेली नाही.

"म्हणजे गळती नव्हतीच," मी म्हटलं. "काटकसर होती."

ताई भरलेली बादली घेऊन आली.

"एक तांब्या पुरेल," भावोजी म्हणाले.

"ओता."

"भाजी धुतलेलं पाणी असेल तर..."

"स्वच्छ पाणी. माझ्यासमोर."

ओतताना त्यांचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे पाहिलं. अर्धी बादली झाल्यावर त्यांनी थांबून बघितलं. ताईने नकारार्थी मान हलवली. उरलेलीही गेली. खिडक्या उघडून आम्ही कॅम्पर तासभर तसाच ठेवला, मग सगळं बंद करून तिघंही आत बसलो. मला लिंबाच्या सालींचा तेवढा वास आला.

"रोज सकाळी एक तांब्या," ताई म्हणाली. "तुमच्या हाताने."

"अर्धा पुरतो."

ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"एक," भावोजी म्हणाले.

रविवारी दोघं कॅम्परनेच गेली. आठवड्याने लेकीचा मला फोन आला.

"मावशी, बाबा रोज बाळाच्या अंघोळीचं पाणी टबातून तांब्यात भरून घेतात आणि कॅम्परच्या मोरीत नेऊन ओततात. टबाजवळ बसूनच असतात, बाळाची अंघोळ कधी होते याची वाट बघत."

"आणि आई काय म्हणते?"

"आई म्हणते, वास येत नाहीये ना, मग बसू देत. आज त्यांनी स्वतःच बाळाला पाण्यातून उचलून टॉवेलात घेतलं. तांब्या विसरले."