हिरवीचा ड्रायव्हर

त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. शेवटची गाडी चालवून जमाना लोटला होता, बाजारातही तो पायीच जाई आणि तेही कडेकडेने, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. नवीन माणसाला वाटे, गाडी कुठे लावून आलाय हा?

गाड्या होत्या. बंद कारखान्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये थोरल्या मालकांनी हौसेने जमवलेल्या जुन्या गाड्या उभ्या होत्या. 'यंदा एकेक दुरुस्तीला काढू,' असं थोरले मालक दरवर्षी म्हणत. मग ते गेले, मुलांची वाटण्यांवरून जुंपली आणि गाड्या जागच्या जागी राहिल्या. ड्रायव्हर त्यांची राखण करू लागला.

म्हणायला राखण सगळ्यांची, जीव मात्र एकीवर. ती फिकट हिरवी, मालकांची रोजची. हिच्यातूनच त्याने एकदा, मालकांना न विचारता, बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचवलं होतं. बायको कळा सोसत होती आणि हा खड्डे चुकवत होता. बायकोसाठी की गाडीसाठी, हा वाद घरात अजून मिटलेला नव्हता.

हिरवीला त्याने जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं होतं. कडा चाकांखाली दाबलेल्या, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी. बायको म्हणायची, "माझ्या अंगावर कधी चादर तरी ओढलीत का एवढ्या मायेने?" शेजारी त्याच बनावटीची दुसरी गाडी होती. तिला एक दार नव्हतं, काच नव्हती, आरपार वारा वाहायचा. तिला तो उघडी म्हणे. झाडू आणि बादल्या ठेवायला ती बरी पडे. मागच्या सीटवर मांजर व्यायची.

एके दिवशी धाकट्या मालकांचा फोन आला. जागा विकायची होती. जुन्या गाड्या नव्यासारख्या करणाऱ्या कंपनीकडून एक बाई येणार, त्या निवडतील त्या गाड्या कंपनी नेणार, उरलेल्या भंगारात. जाता जाता ते म्हणाले, "इंजिन हाताने फिरतं का, तेवढं बघतील बहुतेक."

ड्रायव्हरने फोन ठेवला, हिरवीची दोरी सोडली, पुढून इंजिन फिरवायचं हँडल घातलं आणि जोर लावला. हँडल हललंच नाही.

पूर्वी तो न चुकता इंजिन फिरवून ठेवायचा. मग खांदा धरला, आज-उद्या करता करता ते राहून गेलं, आणि आता आत सगळं जाम. त्याने प्लग काढले, भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि वाट बघत बसला. यात वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही. हँडलला पाइप लावून ताकद दाखवावी, तर आत काय मोडेल सांगता येत नाही. जेवायला बसे, घास हातातच राही. कुठे बिघडलंय हे बायकोला विचारावं लागलं नाही. त्याच्या शर्टाला येणारा रॉकेलचा वास पुरेसा होता.

बाई यायच्या दिवशी सकाळी तो हँडल जरा पुढे, जरा मागे असं चुचकारत होता. बायको डबा घेऊन आली, तेवढ्यात आत कुठेतरी कुरकुर झाली आणि हँडल फिरलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरलं. तो तिथेच जमिनीवर बसला.

"फिरलं?"

"फिरलं."

"मग रडताय कशाला?"

"घाम आहे तो."

"बरं, घाम पुसा. नाकातूनही येतोय."

कंपनीची बाई म्हणजे त्याच्या मुलीच्या वयाची पोरगी निघाली. कॅनव्हासचे बूट, हातात बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर. ड्रायव्हरने आधी हिरवीचं इंजिन फिरवून दाखवलं. ती छान म्हणाली, चटई अंथरून गाडीखाली शिरली आणि स्क्रूड्रायव्हर टोचत पुढे सरकू लागली. तिसऱ्यांदा टोचला तेव्हा तो ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

ती बाहेर आली. केसांत गंजाचे पोपडे होते.

"काका, ही झाकून कोणी ठेवली?"

"मीच. वारासुद्धा लागू दिला नाही."

तिने स्क्रूड्रायव्हर पुसला आणि जपून सांगितलं की जमिनीची ओल वर चढत राहिली आणि प्लॅस्टिकमुळे तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. खालची चासी, गाडीचा सगळा सांगाडा, गंजाने इकडून तिकडे खाल्ली गेली होती. जाम इंजिन सोडवता येतं; हिच्या चासीत मात्र सांधायलाही धड पत्रा उरला नव्हता.

"म्हणजे मीच..." एवढंच ड्रायव्हर बोलू शकला. तिने 'नाही' म्हटलं नाही. खोटं बोलायची सवय नसावी.

मग ती उघडीकडे गेली. बादल्या बाहेर आल्या, मांजर फिस्कारून निघून गेली. स्क्रूड्रायव्हर इथे ठणठण वाजत होता. वाऱ्याने पत्रा कोरडा ठेवला होता. पण बॉनेट उघडल्यावर तिचा चेहरा उतरला. इंजिनाला तडा होता. ती या गाडीकडून त्या गाडीकडे बघत राहिली.

"काका, ते पुन्हा एकदा फिरवा बरं."

ड्रायव्हरने फिरवायला घेतलं. अर्ध्यावर हँडल अडलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडात धरून उभी होती. मग ते सुटलं आणि पूर्ण फिरलं. पोरीने उघडीवर पांढऱ्या खडूने खूण केली आणि म्हणाली, हिरवीचं इंजिन हिच्यात बसेल. पण कंपनीची माणसं उद्या येणार, आणि भंगारवालाही उद्याच.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर उजाडायच्या आत शेडच्या दाराशी जाऊन बसला. भंगारवाला आधी आला. त्याला चहा पाजला, मग आणखी एक पाजला. तो तिसऱ्याला नको म्हणत असताना कंपनीचा टेम्पो वळला.

हिरवीतून काढलेलं इंजिन साखळीवर लटकत उघडीच्या दिशेने सरकू लागलं, तसा ड्रायव्हर त्याच्याखाली दोन्ही हात धरून चालू लागला. डबा घेऊन आलेल्या बायकोने मागून कॉलर खेचली.

"हात काढा. सुटलं तर?"

"म्हणून तर धरलेत."

मागे हिरवीवर भंगारवाल्याचा कटर सुरू झाला, पत्रा किंचाळला. त्याने मान वळवली नाही. इंजिन खाली टेकलं, पहिला बोल्ट बसला, दुसरा बसला. तिसरा जरा तिरका जातोय असं वाटून तो मिस्त्रीला म्हणाला, "हळू रे, हळू."

मिस्त्री म्हणाला, "काका, गाडी तुमची आहे का?"

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मी चालवायला आहे."