सेन्सरवरचा टिळा

आज विश्वकर्मा पूजा. शेंदूर आणि मशीनच्या तेलाचा एकत्र वास आला की झाशीतला काकांचा कारखाना आठवतो. काका रेल्वेच्या डब्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर होते. मध्ये हात आला तर प्रेस थांबवणारा सेन्सर नुकताच बसवला होता. पूजेत कुणीतरी त्याच्या काचेवरच टिळा लावला आणि प्रेस चालेना.

मी तिथे कामगार सुरक्षेची पत्रकं वाटायला गेले होते, गप्प कशी बसणार? विचारलं, "सेन्सरची सुरक्षा पुस्तिका कुठाय? काच कशी पुसायची ते त्यात असेल."

"साहब की अलमारी में, और चाबी लखनऊ में," फोरमन म्हणाला. "और बिटिया, भगवान का टीका पोंछेगा कौन?"

मिस्त्रीनं सेन्सर वगळून वायर थेट जोडली.

"अगं, भांडतेस कशाला? हात माझाच आहे ना," म्हणत काकांनी पत्रा सरकवायला हात आत घातला. तो सुखरूप बाहेर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा कुलपातल्या पुस्तिकेचा संताप आला होता. आता संतापायचाही कंटाळा येतो. हात सुखरूप आला, म्हणून ती वायर तशीच राहिली आणि होळीच्या सुमारास काकांची तीन बोटं गेली. वाटतं, त्या दिवशी निदान थोडं खरचटायला हवं होतं.