नक्ष्यातला ठिपका

नातीचे सांधे सारखे दुखतात. तपासणीसाठी तिच्या बोटातला रक्ताचा थेंब नर्सबाईंनी काचेवर पसरला. मी चौथी शिकलेला विणकर, तरी डॉक्टरीणबाईंचं बोलणं समजलं. "आजोबा, पेशी आईबापांकडून आलेला नक्षा वाचते आणि मणी ओवावेत तसं प्रथिन बनवते. नक्ष्यात एक अक्षर चुकलं की मणी चुकतो, रक्तपेशी विळ्यासारखी वाकते."

एकदा पैठणीचा नक्षा कागदावरून मागावर घेताना माझा एक ठिपका चुकला, अन् पदरभर मोरांच्या चोची वाकल्या. बायको म्हणाली, "उकला आता. चोच वाकडी अन् मान ताठ, अगदी विणणाऱ्यासारखी." मी उकललं नाही.

'आमच्या रक्तात खोट नाही' म्हणत मीच आजवर घरात कुणाचं रक्त तपासू दिलं नाही. काचेवरचा थेंब वाळत होता. हे विणलेलं उकलता येत नाही. मी बोट पुढं केलं. "बाई, माझंही बघा."