वर न गेलेली फाइल

वसईजवळच्या गिरीज गावच्या मीरा चुरी औषध खात्यात निरीक्षक म्हणून लागल्या, तेव्हा शेजारच्या बायकांना वाटलं होतं की ही आता सरकारी गोळ्या वाटणार. आपण गोळ्या वाटत नाही, गोळ्या बनवणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या मागे लागतो, हे मीराताईंनी बरीच वर्षं समजावून पाहिलं आणि मग नाद सोडला. केळीच्या वाडीत वाढलेली ही मुलगी फार्मसी शिकली, परीक्षा देऊन खात्यात आली आणि दुकानं, गोदामं, कारखाने पालथे घालत सहायक आयुक्त झाली. वसईचा सगळा पट्टा त्यांच्याकडे होता.

काम त्या चोख करायच्या. पण एक सवय लागली होती, आणि ती काही त्यांची एकटीची नव्हती. कुणाला परवाना द्यायचा असो की कुणाचा रोखायचा, त्या सविस्तर टिपण लिहायच्या, खाली 'आदेशार्थ सादर' असा शेवट करायच्या आणि फाइल मुंबईला वरिष्ठांकडे रवाना व्हायची. कुणी भांडायला आलंच तर म्हणता यायचं, "माझ्या हातात काय आहे? वरून येईल तसं." या वाक्याच्या आडोशाला त्यांची निम्मी नोकरी सुखात गेली.

२००१ सालच्या पावसाळ्यानंतर तो आडोसा गेला. छोट्या कारखान्यांचे आणि दुकानांचे परवाने देणं, रोखणं, स्थगित करणं हे अधिकार खात्याने लेखी आदेश काढून सहायक आयुक्तांकडे सोपवले. कार्यालयात पेढे वाटले गेले. मीराताईंनी पेढा तोंडात टाकला, पण त्यांना त्याची चव काही लागली नाही.

कसोटी लगेच आली. त्यांच्या हाताखाली विरारचा जितेंद्र नावाचा तरुण निरीक्षक होता. तो सातिवलीला एका कारखान्याची तपासणी करून आला तोच चेहरा पाडून. तिथे शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत घालायचे थेंब बनायचे.

"मॅडम, बाटल्या भरायच्या खोलीतली हवा उलटी वाहतेय," तो म्हणाला. "दाराच्या फटीशी दोरा धरला. तो बाहेर उडायला हवा होता. आत ओढला गेला."

मीराताईंना पुढचं सांगावं लागलं नाही. तशा खोलीत गाळलेली हवा सतत भरत राहते आणि बाहेरच्या धुळीला आत शिरू देत नाही. इथे बाहेरचीच धूळ आत चालली होती, आणि ते थेंब लोकांच्या नुकत्याच कापलेल्या डोळ्यांत पडणार होते.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गेल्या. दोरा त्यांच्याही हातून आतच गेला. मालक श्रीरंग साताऱ्याकडचा, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने हा गाळा उभा केला होता. तो घाबरला आणि घाबरल्यामुळे चढ्या आवाजात बोलू लागला.

"पंखा बिघडलाय, मॅडम, दुरुस्त करतोय. एवढ्यासाठी काम बंद? वर कळवा ना. ते काय सांगतील ते मला मान्य."

हेच वाक्य मीराताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्या बाहेर आल्या आणि कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून त्यांनी मुंबईला हरिश्चंद्र साहेबांना फोन लावला. आजवरच्या त्यांच्या फाइली साहेबांकडेच जायच्या.

"साहेब, टिपण आजच पाठवते. तेवढा तुमचा आदेश—"

"पाठवू नका," साहेब म्हणाले. "तुम्ही खोली पाहिलीत. मी पाहिलेली नाही."

"पण पहिलीच वेळ आहे, साहेब."

"म्हणूनच. आज मी सही केली, तर उद्यापासून सगळे पुन्हा माझ्याच दारात. चुकलं तर मी तुमच्या पाठीशी आहे. सही मात्र तुमची."

मीराताई परत गेल्या. श्रीरंगच्याच टेबलावर बसून त्यांनी उत्पादन थांबवण्याचा आदेश लिहिला, तयार माल विकू नये असं बजावलं, बाटल्यांचे नमुने घेतले आणि सही केली. श्रीरंगने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खरा मार पुढेच होता. भुईगावात चर्चच्या हॉलमध्ये त्या रविवारी मोतीबिंदूचं शिबिर भरायचं होतं, आणि औषध श्रीरंगच देणार होता. शिबिराचं सगळं पाहणाऱ्या डेल्फिनबाई म्हणजे मीराताईंच्या शाळेतल्या शिक्षिका. त्या तडक गिरीजला घरी आल्या.

"मीरा, म्हातारी माणसं वर्षभर वाट बघतायत. त्यांना काय सांगू? माझ्या विद्यार्थिनीने शिबिर मोडलं म्हणून?"

"सांगा, बाई," मीराताई म्हणाल्या. "माझं नाव घेऊन सांगा. पण ते थेंब मी माझ्या आईच्या डोळ्यांत घालू देणार नाही, मग त्यांच्या कसे घालू देऊ?"

डेल्फिनबाई चहा न घेताच गेल्या. पण रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर त्यांनी लोकांना खरं कारण सांगितलं आणि शिबिर पुढे ढकललं.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुने निर्दोष होते. बाटल्यांत जंतू नव्हते.

मीराताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. श्रीरंग तावातावाने कार्यालयात आला. "बघा, मॅडम! काही निघालं नाही. माझी बदनामी झाली त्याचं काय?"

वर्षापूर्वीच्या मीराताई म्हणाल्या असत्या, वर अपील करा. आताही तो हक्क त्याला होता, आणि तो त्यांनी त्याला सांगितलाही. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत.

"या बाटल्या चांगल्या निघाल्या, याचा मला आनंदच आहे. तो माल मी आजच मोकळा करते. पण बाटल्या मी अहवाल येईपर्यंतच अडवल्या होत्या, श्रीरंगराव, बंद केली होती ती खोली. दोरा आत जात होता की नाही?"

श्रीरंग समोरच्या खुर्चीत बसला. "जात होता," तो म्हणाला. "मलाही दिसत होतं. ऑर्डर पुरी करू, मग बघू, असं चाललं होतं."

त्याने अपील केलं नाही. नवा पंखा बसवला, गाळण्या बदलल्या, दारं नीट करून घेतली. फेरतपासणीची वेळ आली तेव्हा मीराताईंनी पिशवी उचलली आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा खाली ठेवली.

"जितेंद्र, तुम्ही जा. सुरू करायचं की नाही, ते तुमच्या शेऱ्यावर ठरेल."

"तुम्ही येत नाही?"

"मी आले तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघाल."

जितेंद्र गेला आणि नकार देऊन आला. कपडे बदलायच्या खोलीचं दार अजून नीट मिटत नव्हतं. श्रीरंगचा फोन आला, मॅडम, तुम्ही एकदा स्वतः येऊन बघा. मीराताईंना जावंसं वाटलं, फार वाटलं. "जितेंद्र म्हणतात तसं करून घ्या," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. चार दिवसांनी जितेंद्रने होकार दिला, त्यांनी आदेश मागे घेतला आणि सातिवलीचा कारखाना सुरू झाला.

भुईगावचं शिबिर नाताळाआधी झालं. श्रीरंग स्वतः थेंबांची खोकी घेऊन आला होता आणि दारात उभा राहून प्रत्येकाला बाटली कशी धरायची ते दाखवत होता. डेल्फिनबाईंनी मीराताईंना हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं.

"तुझ्यावर मी रागावले होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, बाई."

"अजून थोडी रागावलेली आहे. चहा घे."

मीराताई हसल्या आणि कप हातात घेतला. तेवढ्यात जितेंद्र एका दुकानाच्या परवान्याचं काहीतरी विचारायला आला. तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी त्यालाच विचारलं आणि तो काय सांगतो ते शांतपणे ऐकू लागल्या.