काळ्या करकोच्याची खातरजमा

लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, नवऱ्याचा बायकोवर संशय बसायला एक पक्षी पुरतो.

हिवाळी पक्षिगणनेत आमच्या वाट्याला सरगूरकडचं एक तळं आलं होतं. (आमच्या म्हणजे सुमतीच्या. वर्तमानपत्रातून निवृत्त झालेला मी फक्त थर्मास सांभाळायला होतो.) धुकं जरा विरळ झालं आणि तिनं माझा दंड असा आवळला, की कॉफी सांडली.

"री, तिकडे बघा! काळा करकोचा!" ('री' म्हणजे कानडीतलं 'अहो'.)

दुर्बिणीतून पलीकडच्या काठाला एक काठी दिसली. तिच्यावर काहीतरी गोलसर, काळं, खालून पांढरं. तळ्याभोवतीच्या शेतांत पिकाला दृष्ट लागू नये म्हणून काठीवर मडकं लावतात, काळं रंगवून, वर चुन्याचे ठिपके देऊन.

"मडकं आहे," मी म्हणालो.

"मडक्याला लाल चोच असते?"

"गाजर खोचलं असेल."

"अय्यो! या तळ्यावर आजवर कुणाला दिसला नाही तो! गणनाप्रमुख नंजुंडय्या सरांनी स्वतः पाहिला तरच नोंद होईल. ते बांधाच्या टोकाला आहेत, घेऊन येते. तुम्ही सुम्मने, गप्प बसा. हलायचं नाही!"

ती गेली. मी हललो नाही. करकोचाही हलला नाही. आता मात्र माझा संशय बळावला. काही काम न करता इतका वेळ एका जागी कुठला प्राणी उभा राहतो? (सरकारी कचेऱ्या सोडून.) सर येणार, पाहणार, "अम्मा, हे मडकं" म्हणणार, आणि संध्याकाळपर्यंत आमची सगळी नजरबाद वस्ती हसणार! बायकोची अब्रू वाचवणं भाग होतं. शिवाय जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय बातमी द्यायची नाही, ही जन्माची सवय.

मी तळ्याच्या कडेकडेनं निघालो. आधी घोट्यापर्यंत चिखल, मग गुडघ्यापर्यंत. एक चप्पल तळ्यानं कायमची ठेवून घेतली. मडकं ढिम्म! मी टाळी वाजवली. ढिम्म! शेवटी ढेकूळ उचललं आणि भिरकावलं.

मडक्यानं दुसरा पाय खाली टेकला, पंख पसरले आणि ते उडालं. माझ्या डोक्यावरून एक संथ घिरटी घालून त्यानं लाल चोच, लाल पाय आणि पांढरं पोट क्रमवार दाखवलं आणि धुक्यात नाहीसं झालं.

तेवढ्यात बाभळींच्या आडून दोघं आली.

"एल्लि? कुठंय?" सरांनी रिकाम्या काठावर दुर्बीण फिरवली.

"आत्ता उडाला!" मी चिखलातून ओरडलो. "काळा करकोचाच! शपथेवर सांगतो! सुमती म्हणते ते शंभर टक्के खरं आहे!"

सर मायेनं हसले. "तुम्ही यांचे यजमान, सर. यजमानांना असंच म्हणावं लागतं." नोंद झाली नाही.

सुमतीनं माझ्या चिखलानं भरलेल्या विजारीकडे पाहिलं. मग रिकाम्या काठाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"आज एवढी माझी बाजू घेताय," ती म्हणाली. "काय केलंत, री?"

सबंध नोकरीत इतका नेमका प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.