कपाटातलं डेबिट कार्ड

"नव्वद दिवसांत एकदाही दुकानात वापरलेलं नाही. एकदा जरी वापरलं असतं ना, तर क्लेम झाला असता."

काउंटरमागचा माणूस हे शेजारच्या टेबलावरच्या बाईला इंग्रजीत सांगत होता, हळू आवाजात, आमच्याकडे न बघता. त्याच्यासमोर बाबांचं डेबिट कार्ड होतं, मृत्यूचा दाखला होता आणि आईने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलेलं पासबुक होतं. पासबुकाच्या कडा तिने आदल्या दिवशी चिकटपट्टी लावून नीट केल्या होत्या.

मी अनोळखी माणसांशी आपणहून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. त्याला इंग्रजीत विचारलं, म्हणून त्यानेही मलाच इंग्रजीत समजावलं. डेबिट कार्डासोबत अपघाती विमा असतो, पण त्याला अट असते. अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत त्या कार्डाने निदान एकदा काहीतरी विकत घेतलेलं पाहिजे. एटीएममधून काढलेले पैसे त्यात धरत नाहीत. बोलताना त्याचा आवाज मवाळ होता. सॉरी मॅडम, असं तो दोनदा म्हणाला.

"काय म्हणतायत गं?" आईने विचारलं.

"एक कागद कमी आहे म्हणतात."

"कुठला?"

"कार्डासोबत आलेलं पत्र. पहिलं."

हे मला कसं सुचलं, ते सांगते. मी घाटकोपरच्या इंग्रजी शाळेत शिकले. पालकांच्या मीटिंगला टीचर जे काही इंग्रजीत बोलायच्या, ते आईला मराठीत सांगायचं काम माझंच असायचं. वर्गात ही तोंड उघडत नाही, हिचं कसं होणार, असं टीचर म्हणाल्या की मी आईला सांगायचे, शांत मुलगी आहे म्हणतात. आई खूश होऊन घरी यायची. टोकदार गोष्ट बोथट करून तिच्या हातात द्यायची, ही सवय मला तिसरी-चौथीपासून आहे. त्या दिवशी वाटलं, असलं पत्र कोण जपून ठेवतं? मिळणार नाही, आणि विषय आपोआप संपेल.

बाबा साकीनाक्याला एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर होते. पगार बँकेत जायला लागला तेव्हा ते डेबिट कार्ड मिळालं होतं. त्यावर पॉइंट मिळतात हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं, पण कळल्यावर त्यांनी किराणा, औषधं, स्कूटरचं पेट्रोल असं सगळं कार्डावर सुरू केलं. चार वर्षांच्या पॉइंटांवर एक कॅसरोल आला. पाहुणे आले की बाबा मुद्दाम त्यातूनच चपात्या वाढायला लावायचे आणि म्हणायचे, "ह्यो बँकेने दिलाय हां आमका."

मी अंधेरीला नोकरीला लागले आणि माझं पहिलं क्रेडिट कार्ड आलं. ऑफिसमध्ये जेवताना सगळ्यांचं बोलणं त्यावरच असायचं, कुठल्या कार्डावर किती पैसे सुटतात, कुठलं फुकट आहे. मी बोलत नव्हते, ऐकत होते. एका रविवारी मी घरखर्चाची एक एक्सेल शीट केली. डेबिटवर दोनशे रुपयांना एक पॉइंट, आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. माझ्या क्रेडिट कार्डावर किराण्याला शंभरामागे पाच रुपये परत. शिवाय तीन महिन्यांत ठरावीक खर्च झाला की वर एक व्हाउचर. मी लॅपटॉप बाबांसमोर ठेवला आणि बोट लावून एकेक रकाना समजावला. कॅसरोलचा हिशेबही करून दाखवला. तुम्हाला चार वर्षांत मिळालं, ते माझ्या कार्डावर चार महिन्यांत मिळालं असतं बाबा, असं म्हणाले. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

बाबांनी चष्मा वर करून पाहिलं. "म्हणजे उधारीचं कार्ड."

"उधारी नाही. मी दर महिन्याला पूर्ण भरते. व्याज लागत नाही."

"ह्यात काय खोट नाय ना गो?"

"नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घ्या की. पोरगी एवढं बोललीय, वर्षाचा कोटा संपवलान तिने तुमच्यापायी."

मग मी माझ्या खात्यावर त्यांच्या नावाचं जोडकार्ड मागवलं. ते आलं त्या दिवशी बाबा कार्डावरच्या नावावरून अंगठा फिरवत बसले होते. डेबिट कार्ड कपाटात पासबुकाखाली गेलं. महिन्याच्या सुरुवातीला ते फक्त एटीएमसाठी बाहेर यायचं, दूध आणि मासळीचे रोख पैसे काढायला.

त्यांना त्या कार्डाबद्दल वाईट वाटत असावं. त्यांनी विचारलंही होतं. एकदा मेडिकलमधून फोन करून, "औषधांचं जुन्यावर करू काय? पडून आहे बिचारं." मी मीटिंगमध्ये होते. म्हणाले, "नको बाबा, सगळं एकाच कार्डावर करा, नाहीतर व्हाउचरचा आकडा पुरा होणार नाही." ते बरं म्हणाले.

बाबांनी माझं कधीच मोडलं नाही. ज्या भाषेत अटी छापलेल्या असतात ती मला येते, असं ते कौतुकाने सांगायचे. मी पॉइंटांच्या अटी सगळ्या वाचल्या होत्या. विम्याचं पान मी उघडलंच नाही. मी बक्षिसं ताडून बघत होते, आणि विमा हे बक्षीस आहे असं मला वाटलं नाही.

फेब्रुवारीत कारखान्यातून येताना एका टेम्पोने बाबांच्या स्कूटरला मागून धडक दिली. दोन दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. त्यानंतरचं मला लिहायचं नाही.

दहाव्याला आलेल्या एका नातेवाइकाने आईला सांगितलं की डेबिट कार्डावर विमा असतो, विचारून बघा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर मेसेज आला. अभिनंदन, तुमचा तिमाहीचा खर्च पूर्ण झाला आहे, व्हाउचर तयार आहे. तो आकडा हॉस्पिटलच्या औषधांनी पुरा झाला होता. मी तो मेसेज पुसला.

बँकेतून आल्यावर विषय संपेल असं मला वाटलं होतं. संपला नाही. आई एका शाळेत मदतनीस आहे. तिने दोन दिवसांची रजा टाकली आणि घर उपसायला घेतलं. पलंगाखालची ट्रंक, माळा, बाबांच्या फायली. बाबा कागद टाकायचे नाहीत. फ्रिजची पावती होती, माझ्या बालवाडीच्या फीची पावती होती. पंख्याच्या खोक्यातलं माहितीपत्रकसुद्धा होतं. प्रत्येक फाइल ती मला आणून दाखवायची, कारण पत्र इंग्रजीत असणार. मी पानं उलटायचे आणि म्हणायचे, "हे नाही."

"सोड ना आई," मी एकदा म्हणाले. "नाही मिळणार."

"मिळणार कसं नाय? त्यांनी ठेवलेलंच असणार."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर ती जमिनीवर बसली होती, आजूबाजूला कागद. चहा केलेला नव्हता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच दिलं रद्दीत."

"काय?"

"दिवाळीच्या साफसफाईत एक गठ्ठा दिलेला मी. ते ओरडले होते, बघून दे म्हणून. मी म्हटलं, कशाला हवेत एवढे कागद, झुरळं होतात. त्यातच गेलं असणार." तिने पदराने नाक पुसलं. "जन्मभर त्यांनी सांभाळलं आणि मी किलोवर विकलं. आता तुझ्या मामाला काय सांगू, लोकांना काय सांगू. अडाणी बाई, एक कागद ठेवता आला नाय हिला."

मी बॅग खांद्यावरून काढली नव्हती. अजून एक वाक्य मला सुचत होतं. बँकेचा फोन आला होता, पत्र नसलं तरी चालतं, पण नियम बदलले म्हणतात, असं काहीतरी. ते बोलले असते तर तिने मानलंही असतं. तिने माझं सगळंच मानलेलं आहे. ती एकेक कागद उचलून पुन्हा फाइलीत लावायला लागली, तारखेप्रमाणे, बाबा लावायचे तसे, आणि मध्येच थांबून तिने कपाळावर हाताने मारून घेतलं. जोरात नाही. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी तो धरला आणि तिच्यासमोर खाली बसले.

"आई, कागद हरवलेला नाही. बँकेने कुठलाच कागद मागितला नव्हता, मी खोटं सांगितलं. ते कार्ड दुकानात वापरलेलं असायला लागतं, तरच विमा मिळतो. आणि वापरू नका, असं बाबांना मी सांगितलं होतं."