उत्पादकाचे नाव व पत्ता

नणंदेला भावजयीला नावं ठेवायचा हक्कच असतो. मी एकच ठेवलं, पण ते असं चिकटलं की आता वाणीसुद्धा आमच्या वहिनीला ‘दोन मिली’ म्हणतो. झालं असं, की दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ आणि तिचा नवरा, भिंतीवर घड्याळ लावत होता. तो स्टुलावर, तोंडात खिळा, हातात हातोडी, आणि ही खालून सांगतेय, ‘‘दोन मिलीमीटर डावीकडे घ्या. नाही, जास्त झालं. पुन्हा दोन मिली उजवीकडे.’’ शेवटी दादा खिळा काढून म्हणाला, ‘‘अगं, घड्याळ लावतोय, उपग्रह सोडत नाहीये!’’

वहिनी एका छापखान्यात डब्यांची आणि लेबलांची डिझाइनं करते. साबण, खोकल्याचं औषध, बटणं, बिस्किटं, मेणबत्त्या. डबा कुठे दुमडायचा, डिंक कुठे लावायचा, कुठल्या अक्षराने डोळ्यांत भरायचं आणि कुठल्याने गप्प कोपऱ्यात बसायचं, हे सगळं ती ठरवते. ‘इथून फाडा’ म्हणून टिंबांची जी रेघ असते आणि जी तुमच्या-माझ्या हातात कधी सरळ फाटत नाही, ती वहिनीच्या डब्यावर सरळ फाटते. तिच्याबरोबर दुकानात जाणं म्हणजे मात्र शिक्षा आहे. मी सामान घेऊन पैसे देऊन बाहेर येते, तरी ही आत टूथपेस्टचा खोका उलटा करून त्याच्या बुडाकडे बघत उभी असते. मी बँकेत काउंटरवर बसते. समोर रांग आणि मागे साहेब, त्यामुळे माझा स्वभावच ‘पटकन बोला’ असा झालाय. आम्हा दोघींचं कसं जमलं हे देवालाच ठाऊक, पण जमलं.

गेल्या वर्षी तिने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून आरशाच्या कडेला खोचली. एका मोठ्या डिझाइन स्टुडिओला पॅकेजिंगसाठी अनुभवी माणूस हवं होतं. आपल्या कामाचा पोर्टफोलिओ कागदावर, हातात धरता येईल असा, स्वागतकक्षात आणून द्यावा, पसंत पडल्यास आम्हीच संपर्क करू, असं त्यात लिहिलं होतं.

‘‘पोर्टफोलिओ म्हणजे काय?’’ आप्पांनी विचारलं. आप्पा म्हणजे माझे वडील.

‘‘आपलं काम दाखवायचं पुस्तक,’’ दादा म्हणाला.

‘‘म्हणजे प्रगतिपुस्तक?’’

‘‘प्रगतिपुस्तक मास्तर लिहितात, आप्पा. हे आपलं आपणच लिहायचं.’’

‘‘मग चांगलंच असणार की!’’ आप्पा म्हणाले आणि निर्धास्त होऊन पेपर वाचायला लागले.

मला वाटलं, हौस असेल. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना वहिनी एकदम म्हणाली, ‘‘वन्सं, तिथे मला घ्यायलाच हवं हो. छापखान्याचे मालक चांगले आहेत, पण त्यांचं एकच पालुपद, मागच्या वर्षीचंच घ्या, फक्त निळ्याचं हिरवं करा. मला एकदा तरी एखादा डबा पहिल्या रेघेपासून काढायचाय. आता पन्नाशी आली. हे हुकलं, तर मी जन्मभर निळ्याचं हिरवंच करत बसणार.’’ तिच्या हातातली ओली चादर तशीच राहिली होती. मी ती घेतली आणि दोरीवर टाकली. त्या दिवसापासून ती नोकरी तिच्याइतकीच मलाही हवी झाली.

आता तुम्ही म्हणाल, जिचं सगळं आयुष्य मांडणीत गेलं, तिला स्वतःचा पोर्टफोलिओ मांडायला कितीसा वेळ लागणार? तिथेच तर घोडं अडलं. जेवणाचं टेबल तिने व्यापलं आणि आम्ही सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. पहिलं पुस्तक तयार झालं ते पांढरंशुभ्र. प्रत्येक पानाच्या मधोमध तिकिटाएवढं एक चित्र, बाकी सगळी मोकळी जागा. माझी भाची, म्हणजे तिची लेक, कॉलेजात शिकते. ती म्हणाली, ‘‘आई, मस्त! एकदम मॉडर्न.’’ मला तर पानं उलटताना भाडेकरू सामान घेऊन निघून गेल्यासारखं वाटलं, आणि मी तसं सांगितलंही. वहिनीने चित्रं मोठी केली. मग ती एकमेकांशी भांडायला लागली. साबण पुढे आणला तर औषध रुसायचं, औषध पुढे आणलं तर बिस्किटं केविलवाणी दिसायची. त्या खोकल्याच्या बाटलीला तिने इतक्यांदा डावीकडून उजवीकडे नेलं की तिलाच धाप लागली असती.

‘‘दुसऱ्याचा साबण असला की मला लगेच कळतं काय पुढे आणायचं,’’ ती वैतागून म्हणाली. ‘‘त्याच्यावर मी खुशाल ‘सर्वोत्तम’ लिहिते. स्वतःच्या बाबतीत हात चालतच नाही.’’

‘‘मग स्वतःला साबण समज!’’ मी ओरडले. सल्ला म्हणून नव्हे, मांडीवरचं वरण सांडलं म्हणून.

मार्ग सापडला तो आप्पांच्या गोळ्यांमुळे. आप्पांना नवं औषध सुरू झालं होतं, आणि औषधाच्या डबीतला माहितीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते गोळी तोंडात टाकत नाहीत. तो कागद डबीत असतो बोटाएवढा, उघडला की टेबलभर होतो, आणि एकदा बाहेर पडला की परत आत जायचं नाव घेत नाही. आमच्या घरात असे कागद, प्रवासाचे नकाशे आणि पलंगाच्या चादरी यांचं ठिकाण एकच, वहिनी. आप्पांनी नेहमीप्रमाणे तो चुरगळलेला पसारा तिच्यापुढे धरला. ‘‘सूनबाई, हा हट्टी पोरगा तुझंच ऐकतो.’’ तिने माझ्याशी बोलता बोलता, कागदाकडे न बघता तो आडवा, उभा, मग पुन्हा आडवा दुमडला आणि डबीत सरकवायला गेली. अर्ध्यावर तिचा हात थांबला. ती त्या डबीकडे असं बघायला लागली, जणू हरवलेली किल्ली सापडली.

त्यानंतर आम्हाला जेवायला टेबल मिळालं, कारण पुस्तक रद्द झालं होतं. वहिनीने एकच मोठा कागद घेतला आणि औषधाच्या कागदासारखा घडीत बसवला. ती घडी मावेल एवढी छोटी डबी केली. डबीवर टिंबांची रेघ, ‘इथून फाडा’. फाडलं की आतून घडी वर यायची. पहिली घडी उघडली की साबण, दुसरीत बिस्किटं, तिसरीत औषधं, आणि पूर्ण उलगडलं की तिचे सगळे डबे सपाट पसरलेले, शिंप्याने कापून ठेवलेल्या कापडासारखे, कुठे दुमडायचं ते दाखवणाऱ्या तुटक रेघांसकट. कुणीही बघितलं की आपोआप ते डबे मनातल्या मनात जोडायला लागायचं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत मजकूर होता: ‘घटक: चिकाटी, चहा, पुसायचं रबर. सूचना: घाई करणाऱ्यांपासून दूर ठेवावे.’ तो टोमणा कुणाला होता हे मला समजलं, आणि मी मोठ्या मनाने सोडून दिला.

त्या मजकुराखाली एक रिकामी चौकट होती. दादा म्हणाला, ‘‘ही मोकळी जागा फार छान वाटते, डोळ्यांना जरा विसावा मिळतो.’’ भाची म्हणाली की तिच्यामुळे तोल साधला गेलाय. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून मीही मान डोलावली.

वहिनी स्वतः जाऊन स्टुडिओत ती डबी देऊन आली. स्वागतकक्षातल्या मुलीने फोनवर बोलता बोलताच टोपलीकडे बोट दाखवलं. टोपलीत जाडजूड फायलींचा ढीग होता, त्यावर वहिनीची डबी बसली.

मग सुरू झालं फोनची वाट बघणं. दादाला फोनवर गप्पा मारायची बंदी झाली. कुणी गाद्या विकणारा जरी फोनवर आला तरी वहिनी पदराला हात पुसत धावायची. आठवडा उलटला, दुसराही संपत आला. ती बोलायची कमी झाली आणि घड्या घालायची जास्त झाली. टॉवेल, रुमाल, भाजीच्या पिशव्या, घरातलं जे जे दुमडतं ते सगळं तिने दुमडलं. एका सकाळी ती आरशाजवळची जाहिरात काढून केराच्या डब्यात टाकताना म्हणाली, ‘‘निळ्याचं हिरवं करायलासुद्धा कुणीतरी लागतंच की, वन्सं.’’ ती हसत होती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. त्या स्टुडिओचा मला इतका राग आला की त्या दिवशी बँकेत मी एका सभ्य गृहस्थाला विनाकारण दोनदा सही करायला लावली.

छापखान्यात प्रत्येक कामाचा एक नमुना जपून ठेवतात, तसा वहिनीने घरी एक ठेवला होता. आप्पांनी तो आपल्याबरोबर फिरायला येणाऱ्या दोस्ताला दाखवायला घेतला. हे पोस्टमनकाका, आता निवृत्त झालेत. काकांनी आमच्या बैठकीच्या खोलीत बसून डबी हातात घेतली, पण फाडली नाही. सुलटी बघितली, उलटी बघितली, बूड बघितलं.

‘‘सुंदर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण पाठवलंय कुणी?’’

‘‘म्हणजे काय? सूनबाईंनी!’’ आप्पा म्हणाले.

‘‘ते तुम्हाला माहीत आहे हो. यावर कुठे आहे?’’

आम्ही सगळे डबीवर वाकलो. डबीवर नाव नव्हतं. आतला कागद उघडला, तिथेही नाव नव्हतं, फोन नव्हता, पत्ता नव्हता. वहिनी स्वयंपाकघरातून आली आणि तिने ती रिकामी चौकट बघितली.

‘‘अहो, ती जागा मालकाची असते!’’ ती म्हणाली. ‘‘उत्पादकाचे नाव व पत्ता. ती आम्ही मोकळीच सोडतो. गिऱ्हाइकाचं नाव मागाहून छापतात तिथे.’’ एवढं बोलून तिने कपाळावर हात मारला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! आधी दादाला हसू फुटलं, मग आप्पांना, मग मला. हसता हसता भाची जमिनीवर बसली. वहिनीही हसली, आणि मग हसता हसताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ‘‘म्हणजे त्यांनी नाकारलं नसेलही,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला स्कूटरवर मागे बसवून स्टुडिओत नेलं. स्वागतकक्षातल्या मुलीने पुन्हा टोपलीकडे बोट दाखवलं. मीही काउंटरवालीच आहे, काउंटर कसं ओलांडायचं ते मला ठाऊक आहे. वहिनीचा हात धरून मी सरळ आत शिरले.

आत एक लांब टेबल होतं, आणि त्यावर वहिनीचा कागद पूर्ण उलगडून पसरलेला होता. चारही कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवलेले. कागदाला भलत्याच ठिकाणी घड्या पडल्या होत्या, म्हणजे परत दुमडायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी करून बघितला होता. टेबलापाशी पांढऱ्या, आखूड केसांच्या एक बाई उभ्या होत्या. त्या तिथल्या प्रमुख. मी दम न घेता सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला.

‘‘या कागदाचा मालक आम्ही कधीपासून शोधतोय. जे जे इथे आले त्या सगळ्यांना विचारलं. दोघांनी तर आपलाच आहे म्हणून सांगितलं.’’ त्यांनी वहिनीकडे बघितलं. ‘‘तुमचाच कशावरून?’’

माझं डोकं सटकलं. मी तोंड उघडलं, पण वहिनीने माझ्या दंडाला हात लावला. ‘‘डबी आहे का?’’ तिने विचारलं.

कुणीतरी फाडलेली डबी आणून दिली. वहिनीने एकेक कप उचलून बाजूला ठेवला. मग चुकीच्या घड्यांवरून तळहात फिरवला, आणि बाईंच्या डोळ्यांकडे बघत, कागदाकडे न बघता, तो दुमडला. आडवा, उभा, पुन्हा आडवा. बोटाएवढा झाला. डबीत सरकवला आणि झाकण बंद केलं. कोपऱ्यातला एक तरुण मोठ्याने म्हणाला, ‘‘बापरे!’’ बाईंनी डबी हातात घेतली, हलवून बघितली आणि त्या हसायला लागल्या.

‘‘त्या दोघांनाही मी हेच करायला सांगितलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकाने फाडलाच असता. पहिल्या तारखेला या. एक नवीन काम आलंय, त्याचा अजून साधा आकारसुद्धा ठरलेला नाही.’’

पहिल्या रेघेपासून! मी वहिनीकडे बघितलं. ती टेबलावरचे कप उगीचच एका रेघेत लावायला लागली होती. माझाही जीव भांड्यात पडला, आणि मग लगेच मला रडू आलं, ते मी सर्दी म्हणून निभावून नेलं.

‘‘आणि तेवढं नाव लिहा आता,’’ बाईंनी डबी उलटी करून तिच्यापुढे पेन ठेवलं.

वहिनीने पेन उचललं आणि सवयीने इकडेतिकडे बघितलं. ‘‘एखादी पट्टी मिळेल का?’’

‘‘पट्टीबिट्टी काही नको!’’ मी ओरडले. ‘‘लिही!’’

तिने लिहायला सुरुवात केली. नाव, आडनाव, घराचा नंबर, गल्ली. अक्षरं मोठी होत गेली, आणि शेवटचं अक्षर चौकटीच्या रेघेवरून पलीकडे गेलं. ती वाकून बघत राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, आता ती डबी पुन्हा करायला घेणार हे मी धरूनच चालले होते.

‘‘दोन मिली बाहेर गेलंय,’’ ती म्हणाली.

‘‘मग?’’

‘‘राहू दे,’’ वहिनी म्हणाली, आणि तिने पेनाला टोपण लावलं.